पाळण्यातला वरवंटा

केडगावात कुणाच्या घरी पाळणा हलला, की बाराव्या दिवशी त्या घराच्या दारात सगळ्यांत आधी गोजरबाईच्या वहाणा दिसायच्या. घरची माणसं अजून अंगण सारवत असायची, पाळण्याला फुलं बांधायची असायची, आणि ही बाई पदर सावरत हजर. काखेत फडक्यात गुंडाळलेला स्वतःचा वरवंटा. "आत्या, दुपार तर होऊ दे," असं कुणी म्हटलं, तर ती म्हणायची, "हुईल की. दुपार काय कुनाची वाट बघती व्हय?" आणि पाय पसरून घुगऱ्यांचे हरभरे निवडायला बसायची.

बारसं म्हणजे त्या काळी बायकांचं राज्य. बाप्यांनी बाहेर बसावं, विडी ओढावी आणि आतून हाक आली की सुपारी खायला यावं, एवढंच त्यांचं काम. नाव ठेवायचा मान बाळाच्या आत्याचा. बापाची बहीण बाळाच्या कानाशी तोंड नेऊन 'कुर्रर्र' करायची, नाव सांगायची, आणि बाकीच्या बायका हसत तिच्या पाठीत धपाधप बुक्क्या घालायच्या. पण बाळाच्याही आधी पाळण्यात निजायचा तो वरवंटा. पाट्यावर वाटण वाटायचा साधा काळा दगड. त्याला धुवून-पुसून हळदकुंकू लावायचं, डोक्यावर कुंची चढवायची आणि पाळण्याच्या दोन्ही अंगांना उभं राहून बायकांनी तो वरून-खालून एकमेकींच्या हातात द्यायचा. बाळ दगडासारखं टणक व्हावं, हा त्यातला हेतू. दगडालाही नाव पडायचं, बहुतेक थट्टेचंच. गोप्या, धोंड्या, नाहीतर गावातल्या एखाद्या नावडत्या माणसाचं. त्यावर हसून हसून बायकांच्या डोळ्यांत पाणी यायचं.

ज्या घरात आत्या नसेल, किंवा असून लांब असेल, तिथं आत्या म्हणून गोजरबाई उभी राहायची. अशी करत करत ती निम्म्या केडगावाची आत्या झाली होती. जातपात, शेतवाला, मजूर, काही बघायची नाही. फक्त एका गोष्टीवरून तिचं डोकं फिरायचं. अमक्याच्या घरचं बारसं पुढं ढकललं, असं कानावर आलं की ती हातातलं काम टाकून त्या घरी जायची आणि दारातूनच तोंड सोडायची. आत्या येत नसेल तर मी हाय, घुगऱ्या नसतील तर गूळ वाटा, पण लेकराला बिननावाचं ठेवू नका. लोक म्हणायचे, बाईला खणानारळाचा सोस फार. लोकांचं काय, त्यांना काही ना काही म्हणायला लागतंच.

आता केडगाव आणि नगर यांच्यामध्ये बोट ठेवायला जागा उरलेली नाही. तेव्हा मधे चांगलं रान होतं. पुण्याच्या रस्त्याला लिंबाची झाडं होती, दिवस कलला की स्टेशनाकडून गाडीची शिटी ऐकू यायची आणि ती ऐकून बायका चुली पेटवायच्या. घड्याळ कुणाला हवं होतं? गोजरबाईचं घर देवीच्या देवळाकडं जाणाऱ्या वाटेवर. नवरा सहादू केव्हाच वारला होता. मूलबाळ नव्हतं. दोन खण घर, पुढं ओटा आणि पडवीतली एक खोली. त्या खोलीत बहात्तर साली बिऱ्हाड आलं ते गहिनीनाथ मास्तराचं.

मास्तर मूळचा कोल्हारचा, प्रवरेच्या पाण्यावर वाढलेला. नगरातल्या एका शाळेत शास्त्र शिकवायचा. सायकलवर जायचा-यायचा. बायको चांगुणा, नुकतं लग्न झालेलं, आणि तिची आई लहानपणीच गेलेली. त्यामुळे भाडेकरू आणि घरमालकीण हे नातं चार दिवसही टिकलं नाही. चांगुणानं पहिल्याच आठवड्यात गोजरबाईच्या चुलीवर आपलं कालवण चढवलं आणि मास्तर तिला आत्या म्हणायला लागला.

ते साल कसं होतं हे ज्यांनी काढलं त्यांनाच ठाऊक. विहिरींनी तळ दाखवला, जनावरं छावणीला गेली, आणि धडधाकट माणसं दुष्काळी कामावर खडी फोडायला बसली. गोजरबाईही बसली. दांड्याला चिंधी बांधलेला हातोडा, डोक्यावर फडकं, पुढ्यात दगडांची रास. दुपारी सुकडीचा सरकारी खाऊ मिळायचा आणि रात्री परदेशातून आलेल्या मिलो ज्वारीची लाल भाकरी, जी घशाखाली उतरताना ओरखडत जायची. पण गंमत अशी, की त्या सालची गोष्ट निघाली की केडगावातली म्हातारी माणसं अजूनही भाकरीबद्दल कमी बोलतात आणि ओट्यावरच्या गप्पांबद्दल जास्त. भूक होती, पण माणसं एकमेकांच्या ओट्यावर होती.

गोजरबाईच्या ओट्यावर संध्याकाळी मास्तर आभाळ दाखवायचा. ढगाचा ठिपका नाही, सगळं आभाळ घासून ठेवलेल्या परातीसारखं लख्ख. "दुष्काळाचा एवढा एक फायदा," असं तो म्हणायचा आणि चांगुणा त्याला डोळ्यांनी दटावायची. तेव्हा तिला दिवस गेले होते, असली बोलणी तिला सोसायची नाहीत.

अशाच एका संध्याकाळी मास्तरानं दगडांचा विषय काढला.

"मंगळ आणि गुरू यांच्या मधल्या पट्ट्यात दगड फिरतात, आत्या. हजारो दगड. लघुग्रह म्हणतात त्यांना. कुणी ह्या घराएवढा, कुणी तालुक्याएवढा. सगळ्यांत मोठा आहे तो इथनं नागपूरच्या पल्याड जाईल एवढा."

गोजरबाई तळहाताचे फोड बघत बसली होती. ती खो-खो हसत सुटली. "दिवसभर दगडच की वो मास्तर! अन् सांजंला वर बघावं, तर तिथंबी दगडच!"

"पण त्या दगडांना नावं आहेत."

आता तिचं हसू थांबलं. बारशाची जाणकार बाई ती, नावाचा विषय निघाला की तिचे कान टवकारायचेच. "नावं? कोन ठेवतं?"

"जो शोधतो तो. दुर्बिणीला कॅमेरा लावून आभाळाचे फोटो काढतात. सगळे तारे जागच्या जागी, आणि एखादा ठिपका सरकलेला दिसला, की समजायचं, हा दगड. मग तो पुन्हा पुन्हा बघायचा. त्याची वाट पक्की कळली की त्याला नंबर मिळतो. आणि नंबर मिळाला, की नाव सुचवायचा मान ज्यानं तो पहिल्यांदा बघितला त्याचा. बाकीची जाणती मंडळी फक्त होकार देतात."

"म्हंजी आत्या लागत न्हाई."

"आत्या लागत नाही," मास्तर हसत म्हणाला.

"अन् नावं कसली?"

"आधी सगळी देवींची ठेवायचे. पहिला सापडला तोच तो सगळ्यांत मोठा. त्याला सेरेस म्हणतात. तिकडच्या जुन्या लोकांची धान्याची देवी."

"तरीच!" गोजरबाईनं मांडीवर हात मारला. "धान्याची देवी तिकडं जाऊन बसली, मग हितं कनसं कशी भरायची? तिला म्हनावं, खाली ये बाई एकदा."

चांगुणालाही हसू आलं. मास्तर रंगात आला होता. देवी संपल्या तशी लोकांनी आपापल्या गावांची नावं दिली, गुरूंची दिली, कुणी बायकोचं, कुणी लेकीचं दिलं, असं तो सांगत गेला. लेकीचं म्हटल्यावर गोजरबाईनं एकदा वर बघितलं.

"काही हरवतातही," मास्तर म्हणाला. "सापडतात, नाव पडतं आणि मग पुन्हा दिसतच नाहीत. फिरत असतात कुठंतरी, पण नजरेला पडत नाहीत."

"मग त्येंचं नाव?"

"नाव त्यांचंच. सापडोत न सापडोत, ते नाव दुसऱ्याला देत नाहीत."

चांगुणानं गोजरबाईला मिठाचं काहीतरी विचारलं, ते तिच्या कानावर गेलंच नाही. मग जरा वेळानं तिनं हळूच विचारलं, "अन् मास्तर, नाव पडायच्या आदीच हरवला तर?"

"तर काय, साल आणि एकदोन अक्षरं, असं काहीतरी कच्चं टिपून ठेवतात ओळखीपुरतं. त्याला काही नाव म्हणत नाहीत."

"बाळी म्हनल्यागत," गोजरबाई म्हणाली आणि उठून आत गेली. बोलता बोलता बाई अशी का उठली, हे दोघांनाही कळलं नाही.

कळणार कसं? ती गोष्ट गोजरबाईनं कुणाला सांगितलीच नव्हती. केडगावात ती ज्यांना माहीत होती ती माणसं एकेक करून गेली होती.

ती नवी नवी नांदत होती तेव्हा तिला मुलगी झाली होती. काळीसावळी, कुरळ्या जावळाची. सहादूला एकच बहीण, बनुबाई. ती राजूरकडं डोंगरात दिलेली. बारशाचं आवतान द्यायला भावानं स्वतः जावं, ही रीत. सहादूनं राजूरच्या बाजाराला जाणाऱ्या एका व्यापाऱ्याजवळ निरोप धाडला. उलट निरोप आला, "भावाला पाय न्हाईत का?" तो ऐकून सहादूचं डोकं फिरलं. पेरणी सोडून मी डोंगर चढू का, म्हणाला. सासू म्हणाली, आत्याबिगर नाव ठेवायचं न्हाई. मग बारसं आज-उद्यावर गेलं, ते जातच राहिलं. पोर कुशीवर वळायला लागली. दाराची कडी वाजली की खुदकन हसायला लागली. सगळं घर तिला बाळी म्हणायचं.

गोजरबाईच्या मनात एक नाव होतं. पोरीला तेल लावताना ते ओठांवर यायचं, आणि ती ते गिळायची. आईनं नाव ठेवायची रीत नव्हती, आणि सुनेनं सासूपुढं बोलायची तर त्याहून नव्हती. मग पोरीला ताप भरला आणि त्यातच ती गेली.

दुखवट्याला बनुबाई आली. दारातच तिनं अंग टाकलं, आणि ऊर बडवत, रडता रडता तिनं विचारलं, "नाव काय ठिवलं हुतं गं पोरीचं?"

सहादू उठला आणि गोठ्यात जाऊन बसला, तो दिवस मावळेपर्यंत बाहेर आला नाही. पुढं गोजरबाईची कूस उजवली नाही. पण गावात कुठंही बारसं निघालं, की सहादू स्वतः गाडी जुंपायचा आणि म्हणायचा, "चल, लवकर चल." तिला आत सोडून तो बाहेर झाडाखाली बसून राहायचा. ह्या गोष्टीवर दोघं नवरा-बायको आयुष्यात एक शब्द बोलली नाहीत. ती गाडीची खेप म्हणजेच त्यांचं बोलणं होतं.

उन्हाळ्याच्या तोंडी चांगुणाला मुलगी झाली. बाळंतपण गोजरबाईनंच केलं. शेक-शेगडी, अंघोळी, धुरी, सगळं. बाराव्या दिवशी सकाळी तिनं वरवंटा घासून उन्हात ठेवला आणि मास्तराला म्हणाली, "बाजेवरची चादर काढा, पाळना बांधायचा हाय."

मास्तर घुटमळला. "आत्या, जरा थांबू. रतनला येऊ दे."

रतनबाई म्हणजे त्याची थोरली बहीण. कोल्हारातच दिलेली. मास्तराच्या लग्नात करवली म्हणून दिवा धरायचा मान तिचा. पण तिची एसटी वाटेत बंद पडली, मुहूर्त थांबला नाही, आणि ती मांडवात पोचली तेव्हा अक्षता पडून गेल्या होत्या. दिवा शेजारच्या कुणा बाईच्या हातात होता. त्या दिवसापासून तिनं भावाशी बोलणं टाकलं होतं. आता मास्तरानं गावाकडं जाणाऱ्या माणसाबरोबर निरोप धाडला होता. "लग्नाला तिच्यासाठी थांबलो नाही, आत्या. बारशालाही थांबलो नाही, तर ती जन्मात तोंड बघायची नाही माझं."

"मग जावा की आनायला."

"येईल. निरोप दिलाय."

आभाळातल्या दगडांच्या वाटा सांगणारा माणूस, पण कोल्हारची वाट त्याच्या पायाला जड झाली होती. बहीण दारातून परत पाठवील, ह्याची त्याला भीती होती. ती भीती तो शाळेच्या परीक्षांमागे लपवायचा. निरोपाचं उत्तर 'बघू' असं आलं. पुन्हा निरोप गेला. दिवस गेले, ऊन चढलं, आणि पडवीतून चांगुणाचा आवाज यायला लागला, "काय गं बाळी, काय झालं बाळीला?"

गोजरबाई ते ऐकायची आणि हातातलं काम टाकून परसात जायची.

मग उन्हाच्या तावानं पोरीला जुलाब लागले. नगरहून औषध आणलं, साखर-मिठाचं पाणी चमच्या-चमच्यानं पाजलं. पोर वाचली, पण सुकून एवढीशी झाली. त्या दिवसांत गोजरबाई तिच्या पाळण्यापासून हलली नाही. चौथ्या का पाचव्या दिवशी पोरीनं डोळे उघडून तिच्याकडं टकटक बघितलं, तेव्हा तिनं चांगुणाच्या हातात पळी दिली, लुगडं बदललं आणि कुणाला काही न सांगता नगरचा स्टँड गाठला.

कोल्हारात प्रवरेला धार म्हणून नव्हती, नुसती वाळू. रतनबाई ओसरीवर सूप घेऊन मिलो पाखडत बसली होती. अनोळखी बाई बघून तिनं आधी पाण्याचा तांब्या पुढं केला.

"मी केडगावची गोजरबाई. तुमच्या भावाची घरमालकीन."

रतनबाईचं तोंड लगेच घट्ट झालं. "त्येनं धाडलं व्हय तुमाला?"

"न्हाई. त्येला ठावंबी न्हाई."

"मग?"

"तुमाला न्यायला आले. बारसं करायचंय."

"का? भावाला पाय न्हाईत का?"

शब्द न् शब्द तोच. एवढी वर्षं मधे गेली, बनुबाई गेली, सहादू गेला, आणि ते वाक्य तसंच्या तसं इथं ओसरीवर बसून होतं.

"हायेत पाय," ती म्हणाली. "पर त्यो भितो तुमाला."

रतनबाईनं सूप जोरात आपटलं. "भितो? अन् लग्नात न्हाई भ्याला? हिरवं लुगडं नेसून निघाले हुते मावशी मी. एकुलता एक भाऊ माझा. राहुरीपाशी गाडी बंद पडली मेली. उन्हात चालत निघाले, मग येका ट्रकवाल्यानं आनून सोडलं. अन् बघते, तर दिवा दुसरीच्या हातात! घटकाभर थांबला आसता तर काय बिगडलं आसतं त्येचं?"

"काय न्हाई. थांबायलाच पायजे हुतं. चुकलंच त्येचं."

भावाची बाजू घेतील म्हणून रतनबाई भांडायच्या तयारीत बसली होती. समोरच्या बाईनं असं सरळ कबूल केल्यावर तिला पुढं बोलायला काही सापडेना. तेव्हा गोजरबाई बोलायला लागली. आयुष्यात पहिल्यांदा, आणि तेही एका परक्या बाईच्या ओसरीवर. बनुबाईचा निरोप सांगितला, सहादूचा राग सांगितला, दाराच्या कडीला हसणारी पोर सांगितली.

"माजी ननंद खोटी नव्हती, बाई. तिचा मान हुताच. नवराबी लई खोटा नव्हता, पेरनी तोंडावर आल्ती. दोगंबी खरी हुती. अन् त्येंच्या खरेपनात माजी पोर बिननावाची गेली. मग ननंद आली दुखवट्याला. अन् मला इचारती, नाव काय ठिवलं हुतं." गोजरबाईनं हातातला तांब्या खाली ठेवला. "तुमची भाची आत्ताच आजारातनं उठलीया. लई सुकलीया. तुमी काय इचाराल, तेवढं मला ऐकायचं न्हाई आता. म्हनून आले."

रतनबाई बराच वेळ सुपाच्या काठावरून बोट फिरवत राहिली. मग तिनं विचारलं, "अन् तुमच्या मनात काय नाव हुतं?"

"न्हाई सांगितलं कुनाला कदी."

रतनबाई उठली. शेजारणीला जनावरांचं सांगितलं, ट्रंकेतलं हिरवं लुगडं काढलं, आणि "चला" म्हणाली. एसटीत दोघी शेजारी बसल्या. राहुरी आली. तिथं रतनबाईनं खिडकीतून बोट दाखवलं. "हितंच बंद पडली हुती मेली गाडी." आणि दोघींना एकदम हसू फुटलं.

मास्तर ओट्यावर बसून पोरीचे लंगोट वाळत घालत होता. बहीण दिसली तसा तो हातात ओला लंगोट घेऊन नुसता उभा राहिला. रतनबाई म्हणाली, "दिवा मी लावनार. दुसऱ्या कुनी हात लावायचा न्हाई." मास्तराला रडू आवरलं नाही, आणि त्यानं ते आवरायचा प्रयत्नही केला नाही.

दुसऱ्या दिवशी खडीवरून परतलेल्या बायका तशाच धुळीच्या पायांनी आल्या. सणावाराला नेसायची लुगडी कधीच पेटीत गेली होती. घुगऱ्यांना हरभरे मिळाले नाहीत, मूठमूठ सुकडीच वाटली. पण पाळण्याला लिंबाचे डहाळे होते, रतनबाईनं लावलेला दिवा होता आणि हिरव्या लुगड्यात ती आत्या म्हणून अशी मिरवत होती, की बघत राहावं.

वरवंट्याला कुंची घातली. बायका पाळण्याच्या दोन्ही बाजूंना झाल्या. दगड वरून-खालून फिरला आणि नाव ठेवायची वेळ आली, तशी रतनबाई म्हणाली, "दगडाचं नाव गोजरआत्या ठिवनार."

"खडीवरच्या मुकादमाचं ठिवा!" कुणीतरी ओरडलं. "दिसतोयबी त्येच्यासारकाच!" आणि हशा पिकला.

गोजरबाईनं वरवंटा दोन्ही हातांत घेतला. हाच वरवंटा तिनं किती घरांच्या पाळण्यांत निजवला होता, त्याला किती वेळा गोप्या म्हटलं होतं. आज तो हातात जड लागला. आईनं नाव ठेवायची रीत नाही, असं तिच्या मनात आलं. मग तिला ओट्यावरचं बोलणं आठवलं. ज्यानं पहिल्यांदा बघितलं, त्याचा मान. तिच्या पोरीला पहिल्यांदा कुणी बघितलं होतं? सुईण दिवा आणायला वळली होती, सासू दाराबाहेर होती. अंधारात कुरळं जावळ पहिल्यांदा दिसलं ते तिलाच.

तिनं वाकून कुंचीशी तोंड नेलं. 'कुर्रर्र' नीट जमलंच नाही.

"सुंदरा," ती म्हणाली.

बायका पोट धरून हसल्या. "अगं बया! येवडा काळाकुट्ट धोंडा, अन् सुंदरा!" बुक्क्या मारायला हात पुढं आले. गोजरबाईही हसत होती, आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी गळत होतं, ते हसण्यामुळंच असं सगळ्यांना वाटलं. फक्त रतनबाई हसली नाही. ती पुढं झाली, दगडावरून हात ओवाळून तिनं कानशिलावर बोटं कडाकडा मोडली. कुणाच्या लेकीची दृष्ट काढावी, तशी तिनं ती काढली. ते बघून एकेकीचं हसू ओसरलं. काय झालं ते कुणाला नीट समजलं नाही.

मग रतनबाईनं भाचीच्या कानात तिचं नाव सांगितलं, प्रवरा. कोल्हारची आत्या, ती दुसरं काय ठेवणार? खरं तर बाळ पाळण्यात घालताना दगड बाजूला काढून ठेवायचा असतो. गोजरबाईचा हात तो उचलायला पुढं झाला आणि तसाच राहिला. रतनबाईनं कुंचीतला दगड जरा कडेला सरकवला आणि त्याच्या शेजारी प्रवराला निजवलं. त्या दोघींना मिळून एकच झोका दिला.

पुढं गोजरबाई पुष्कळ वर्षं जगली. पुष्कळ पोरांच्या कानांत तिनं 'कुर्रर्र' केलं. सुंदरा हे नाव मात्र तिनं कुठल्याच मुलीला ठेवलं नाही. कुणी सुचवलं, तर म्हणायची, "ते दिलेलं हाय." पाळण्यातल्या दगडाला ती तेवढं म्हणायची, आणि तिचं ऐकून केडगावातल्या बायकांनाही तीच सवय लागली. मास्तराची बदली झाली, खोली रिकामी झाली, पण दर उन्हाळ्यात प्रवरा केडगावला यायची आणि ओट्यावर गोजरबाईच्या मांडीला टेकून तिच्याकडून सगळं ऐकायची. शेवटच्या आजारात गोजरबाईनं घरातलं काही कुणाला दिलं नाही, फक्त फडक्यात गुंडाळलेला वरवंटा प्रवराच्या हातात ठेवला.

प्रवराच्या मुलीचं बारसं पुण्यात झालं, तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये. पाळणा भाड्याचा होता, घरात पाटा नव्हताच. तिनं कपाटातून फडकं काढलं, वरवंटा पुसला आणि कुंची घालून स्वतःच्या हातानं पाळण्यात निजवला. सासरकडच्या बायकांना गंमत वाटली. तिची नणंद हसत पुढं आली. "याला काय म्हणायचं? गोप्या ना?"

"नाही," प्रवरा म्हणाली. "हिचं नाव सुंदरा."

"सुंदरा? कोण गं ही?"

प्रवरानं कुंचीची कड सारखी केली.

"आमची थोरली," ती म्हणाली. "मी हिच्या पाठची."